उमेदवार म्हणतोय फाशी द्या, मग त्यावर मत ठरवायचं का? एक कामचलाऊ गाईड

निवडणुकीच्या तोंडावर कुठे काही भयंकर घडलं की सगळी भाषणं एकाच पट्टीत सुरू होतात. फाशी झालीच पाहिजे, भर चौकात द्या, आमचं सरकार आणा शंभर दिवसांत लटकवतो वगैरे. मग फॅमिली ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते याच्यावरच मत द्यायचं, एवढं तरी कोणीतरी स्पष्ट बोललं, आणि दुसरी म्हणते छे, रस्ते बघा पाणी बघा, फाशीचं काय घेऊन बसलात. मला दोन्ही अर्धवट वाटतात. सरकारने कायद्याने माणूस मारावा का, यावर उमेदवाराचं काय म्हणणं आहे हा मुद्दा फालतू कसा असेल? पण त्याचं म्हणणं आणि त्याला मिळणाऱ्या खुर्चीच्या हातात असलेली पॉवर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो न बघता मत दिलं तर आपण नुसत्या आवाजाला मत देऊन येतो.

सांगूनच टाकतो, माझं स्वतःचं मत फाशीच्या विरोधात आहे. पण खालचं सगळं फाशीच्या बाजूच्या माणसालाही तसंच्या तसं वापरता येईल, उलट त्यालाच जास्त उपयोग, कारण या विषयात फसवणूक त्याचीच जास्त होते.

आधी खुर्ची कुठली ते बघा

नगरसेवक, झेडपी सदस्य, सरपंच असेल तर विषय संपला. त्यांचा फाशीशी काडीचा संबंध नाही. वॉर्डातला उमेदवार फ्लेक्सवर फास लटकवून फोटो काढत असेल तर त्याला स्ट्रीटलाईट आणि शाळेच्या गल्लीतल्या सीसीटीव्हीबद्दल विचारा, बास.

आमदाराचं जरा गुंतागुंतीचं आहे. फौजदारी कायदा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतो, म्हणजे राज्यही कायदा करू शकतं, पण तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते आणि सगळी गाडी तिथेच अडते. आपल्याकडचा शक्ती कायदा, महिला आणि मुलांवरच्या अत्याचाराला फाशीपर्यंत शिक्षा देणारा, आठवतोय का? डिसेंबर २०२० मध्ये विधेयक आलं, पहिल्या मसुद्यात तपास १५ दिवसांत वगैरे होतं, मग संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने पास केलं, पेढे वाटल्यासारखी भाषणं झाली, आणि राष्ट्रपतींची मंजुरी काही आलीच नाही. त्याच्याआधी आंध्रचं दिशा विधेयक, डिसेंबर २०१९, २१ दिवसांत निकाल म्हणाले होते, तेही लटकलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-खुनानंतर बंगालने अपराजिता विधेयक केलं, ममतांचा पक्ष आणि भाजप एकमेकांचे गळे धरायच्या मूडमध्ये असताना या एका गोष्टीवर दोघांनी हात वर केले, आणि पुढच्या वर्षी ते राज्यपालांकडून आक्षेपांसह परत आलं. म्हणजे तीन राज्यं, तीन वेगवेगळे पक्ष, आणि कायदा एकही नाही. आमदारकीचा उमेदवार "आम्ही फाशीचा कायदा आणू" म्हणत असेल तर त्याला एवढंच विचारा की शक्तीचं काय झालं, आणि तो काय उत्तर देतो ते नीट ऐका. सत्तेतला असो की विरोधातला, उत्तर देताना बहुतेकांची गाडी घसरते.

पण आमदार अगदीच बिनकामाचा नाही हां. पोलीस राज्याचे, सरकारी वकील राज्याचे, फॉरेन्सिक लॅब राज्याची, तुरुंग राज्याचे, शिक्षा कमी वाटली तर अपील करायचं की नाही हे राज्य ठरवतं, आणि राज्यपालांकडे जो दयेचा अर्ज जातो त्यावर ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात (कलम १६१). म्हणजे फाशीच्या आधीचं आणि नंतरचं जवळजवळ सगळं काम राज्याकडे आहे, फक्त भाषणात ज्याचा उल्लेख होतो तो कायद्याचा तुकडा तेवढा नाही.

खासदाराच्या बाबतीत मात्र मुद्दा खरा आहे. आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता संसदेने केली, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा संसदेचा, त्यात फाशी घालायची की काढायची हे तिथेच ठरतं. राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज (कलम ७२) प्रत्यक्षात केंद्रीय गृहखात्याच्या सल्ल्याने चालतो. तर फाशी या विषयावर मत देणारच असाल तर ते लोकसभेला द्या, विधानसभेला अर्धं वजन ठेवा, बाकी ठिकाणी शून्य.

तो नेमकं काय मागतोय

"फाशी द्या" ही मागणी ऐकली की पहिला प्रश्न असा पडला पाहिजे की अहो, आहेच की. खुनाला आहे. बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला २०१८ पासून आहे, २०१९ मध्ये पोक्सोमध्येही आली, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत १८ खालच्या मुलीवरच्या सामूहिक बलात्काराला आहे, जमावाने ठेचून मारण्याला आहे. हे सगळं पुस्तकात असताना उमेदवार "आम्ही तरतूद करू" म्हणतोय म्हणजे एकतर त्याला माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं त्याने धरलंय.

दुसरा प्रकार, "या गुन्ह्याला थेट फाशीच, दुसरी शिक्षाच नाही." हे कोर्टात टिकणं कठीण आहे. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयपीसीतलं सक्तीच्या फाशीचं कलम ३०३ रद्दच केलं होतं, आणि त्याच्याआधी १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्येच फाशी, तीही न्यायाधीशाने माणूस आणि परिस्थिती दोन्ही तोलून, असा नियम आहे. म्हणून सक्तीच्या फाशीचं वचन हे जवळपास न पाळण्यासाठीच दिलेलं वचन असतं.

तिसरा, "फास्ट ट्रॅकवर केस चालवून महिन्याभरात लटकवू." निर्भयाची केस देशातली सगळ्यात जास्त डोळ्यासमोर असलेली केस होती, फास्ट ट्रॅक कोर्टाने नऊ महिन्यांत सप्टेंबर २०१३ ला निकाल दिला, तरी फाशी झाली २० मार्च २०२० ला. कारण फाशीची शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय देता येत नाही, मग सुप्रीम कोर्ट, मग फेरविचार, मग दया. आणि त्या २० मार्चनंतर निदान पाच वर्षं तरी देशात एकही फाशी झाली नाही. दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतल्या एका गटाने आकडे काढले होते, त्यांच्या हिशोबाने २०२४ मध्ये खालच्या कोर्टांनी १३९ जणांना फाशी सुनावली आणि वर्षाअखेर ५६४ जण फाशीच्या रांगेत होते, आणि सुप्रीम कोर्टाने २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत एकही फाशी कायम केली नाही. पेपरात हेडलाईन येते ती खालच्या कोर्टाची, पेढे त्याच दिवशी वाटले जातात, पुढचं आतल्या पानावर.

म्हणून उमेदवाराचं वाक्य घ्या आणि त्यातून तीन गोष्टी बाजूला काढा: जे आधीच आहे ते, जे कोर्ट होऊ देणार नाही ते, आणि जे त्याच्या खुर्चीच्या हातात नाही ते. उरेल त्यावर विचार करा. बऱ्याचदा काहीच उरत नाही, मग बाकी मुद्द्यांवर मत द्यायला तुम्ही मोकळे.

फाईल कुठे होती हे विचारा

हा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सभेत कोणीच विचारत नाही.

पुण्यात १ नोव्हेंबर २००७ ला एका बीपीओत काम करणाऱ्या तरुणीला कंपनीच्या कॅबमधून नेऊन मारलं, हे पुणेकर विसरलेले नाहीत, त्यानंतर रात्रपाळीच्या कॅबचे नियम बदलले. दोघांना फाशी झाली, हायकोर्टाने २०१२ ला कायम केली, सुप्रीम कोर्टाने २०१५ ला, राष्ट्रपतींनी २०१७ ला दया नाकारली. आता काय राहिलं होतं? तारीख ठरवायची. ती ठरली २४ जून २०१९. त्याच्या आत प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जुलै २०१९ मध्ये हायकोर्टाने फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद केली. कारण? सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून चार वर्षांहून जास्त काळ कागद इकडून तिकडे फिरत राहिले, दयेच्या अर्जाचे आधी, मग वॉरंटचे. विनाकारण उशीर झाला तर फाशी जन्मठेपेत बदलता येते हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच स्पष्ट केलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा तो निर्णय कायम ठेवला.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींचंही तेच. फाशी २००१ ला, सुप्रीम कोर्टाने कायम केली २००६ ला, दया फेटाळली २०१४ ला, आणि जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर सात वर्षांहून जास्त काळ गेला. या सगळ्या काळात मुंबईत आणि दिल्लीत कोणाकोणाची सरकारं येऊन गेली ते तुम्हीच मोजा, त्यातला एकही पक्ष फाशीच्या विरोधात नव्हता. म्हणजे सभेत फाशी फाशी आणि मंत्रालयात फाईल कपाटात. मी फाशीच्या विरोधातला माणूस आहे त्यामुळे त्या दोन्ही केसेसमध्ये फाशी टळली याचं मला वाईट वाटत नाही, पण फाशीसाठी मत देणाऱ्या माणसाला याचा राग यायला हवा, आणि तो राग योग्य दारावर जायला हवा.

कोपर्डीचं घ्या. जुलै २०१६ मध्ये शाळकरी मुलीवर बलात्कार करून खून, ९ ऑगस्टला औरंगाबादेत मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा, पुढे राज्यभर लाखोंचे मोर्चे, मागण्यांत आरोपींना फाशी ही एक. नगरच्या सेशन कोर्टाने नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी सुनावली, सव्वा वर्षात, आपल्याकडच्या मानाने वेगच म्हणायचा. आणि मग हायकोर्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यातल्या एकाने येरवड्यात आत्महत्या केली तेव्हाही हायकोर्टातलं प्रकरण निकाली निघालेलं नव्हतं. त्या मोर्च्यांच्या स्टेजच्या मागे-पुढे सगळ्या पक्षांचे नेते होते, त्यातल्या किती जणांनी हायकोर्टातल्या रिकाम्या जागांबद्दल तोंड उघडलं?

तर प्रश्न असा विचारायचा: "साहेब, तुमच्या पक्षाचं सरकार असताना फाशीच्या किती फाईली किती दिवस पडून होत्या?" उत्तर माहीत नसेल तर नाही म्हणू द्या, चालेल. पण "बघतो, माहिती घेतो" म्हणणारा आणि "देशद्रोह्यांची बाजू घेता का" म्हणणारा यात मला तरी फरक करता येतो.

आरोपी बदलला की भूमिका बदलते का

बघा, फाशीबद्दल दोन प्रामाणिक भूमिका असू शकतात. एक, काही गुन्हे असे असतात की फाशीच हवी, करणारा कोणीही असो. दोन, सरकारने कोणालाच मारू नये, करणारा कोणीही असो. दोन्हींत "कोणीही असो" आहे, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

कठुआत २०१८ मध्ये आठ वर्षांच्या मुलीचं प्रकरण झालं तेव्हा आरोपींच्या बाजूने निघालेल्या मोर्च्यात राज्याचे दोन मंत्री गेले होते, नंतर राजीनामे द्यावे लागले. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानोच्या सामूहिक बलात्काराच्या केसमध्ये तर अकरा जन्मठेपवाल्यांना १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने सोडलं, बाहेर हार घातले गेले, ज्या समितीने सुटकेची शिफारस केली त्यातल्या एका आमदाराने त्यांच्यातले काही चांगल्या संस्कारांचे असल्याचं बोलून दाखवलं आणि त्याच डिसेंबरात तो परत निवडूनही आला. ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सुटका रद्द केली आणि सांगितलं की खटला मुंबईत चालला होता तर माफीचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नाही. म्हणजे हा प्रश्न आपल्या आमदारांच्या दारात आलेला आहे. "बलात्काऱ्याला फाशी" म्हणणाऱ्या तुमच्या उमेदवाराने १५ ऑगस्ट २०२२ नंतरच्या आठवड्यात काय म्हटलं होतं हे शोधा. काहीच म्हटलं नसेल तर तेही एक उत्तर आहे.

दुसऱ्या बाजूलाही हेच लावा, सूट नाही. पंजाबात अकाली दल एरवी फाशीविरोधी वगैरे काही नाही, पण मुख्यमंत्री बेअंत सिंग यांच्या हत्येतल्या राजोआनाची फाशी रद्द व्हावी म्हणून मात्र धडपड. तमिळनाडूत राजीव गांधींच्या मारेकऱ्यांसाठी २०११ मध्ये विधानसभेने ठराव केला, आपलं माणूस म्हणून. त्यामानाने त्रिपुराच्या विधानसभेने ऑगस्ट २०१५ मध्ये खुनासाठीची फाशीच रद्द करा असा सरसकट ठराव केला ती भूमिका, पटो न पटो, स्वच्छ आहे. डाव्यांशी माझे हजार वाद आहेत पण या बाबतीत त्यांनी माणूस बघून पाटी बदलली नाही.

आपल्याकडे हे जातीवर येऊन आपटतं. खैरलांजी (सप्टेंबर २००६, दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या) आणि कोपर्डी (मराठा मुलगी, दलित आरोपी) या दोन्ही केसेसवर उमेदवार काय बोलतो हे शेजारी शेजारी ठेवा. खैरलांजीत सहा जणांना २००८ मध्ये फाशी झाली, २०१० ला नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कैदेत बदलली, तेव्हा कोण रस्त्यावर उतरलं आणि कोण घरी बसलं ते गावोगावच्या लोकांना पाठ आहे. एका केसवर गळा काढणारा आणि दुसऱ्या केसचं नाव काढताच विषय बदलणारा उमेदवार फाशीचा समर्थकही नाही आणि विरोधकही नाही, तो फक्त मतदार मोजतोय.

अजून एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. २०१७ च्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विरोधकांचे उमेदवार गोपाळकृष्ण गांधी होते, त्यांनी २०१५ मध्ये याकूब मेमनची फाशी थांबवावी म्हणून राष्ट्रपतींना लिहिलं होतं, त्यावरून शिवसेनेने त्यांना धारेवर धरलं. त्यांनी म्हटलं की मी फाशीच्याच विरोधात आहे आणि पाकिस्तानने कुलभूषण जाधवांना फाशी सुनावली तेव्हा तिथेही मी लिहिलंय. पटो वा न पटो, "कोणीही असो"ची परीक्षा म्हणतात ती हीच. (आणि ज्यांना हे परदेशी फॅड वाटतं त्यांच्यासाठी, बाबासाहेबांनी जून १९४९ मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं की फाशी अजिबात रद्दच केलेली बरी.)

"बदला पुरा"वाल्याचं वेगळं मोजा

ऑगस्ट २०२४ ला बदलापूर. शाळेत लहान मुलींवर अत्याचार, तक्रार नोंदवायला आईला तासन् तास ताटकळत ठेवलं, २० ऑगस्टला लोकांनी स्टेशनवर लोकल अडवली, फाशी द्या, आत्ता द्या. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला. मुंबईत बॅनर लागले "बदला पुरा", आणि २० नोव्हेंबरला मतदान. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरलं. हैदराबादचं डिसेंबर २०१९ चं एन्काऊंटर आठवा, पोलिसांवर फुलं उधळली होती, आणि आपल्या विदर्भातले निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की गोळ्या मारण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या, दहा पोलिसांवर खटला चालवा.

हे फाशीच्या समर्थनात धरायचं नाही. फाशी म्हणजे साक्षी, पुरावे, उलटतपासणी, तीन कोर्टं. एन्काऊंटर म्हणजे यातलं काहीच नाही, आणि साखळीत अजून कोण होतं, शाळेने काय लपवलं, हे सांगू शकणारा माणूसही त्याच्याबरोबर गेला. त्यामुळे जो उमेदवार अशा बॅनरवर हसत उभा राहतो त्याचा मार्क मी फाशीच्या रकान्यात न टाकता कायद्यावरच्या विश्वासाच्या रकान्यात कापतो, आणि हा मार्क मात्र नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांना लागू.

चूक झाली तर काय, हे दोघांनाही विचारा

आपल्याच राज्यातली केस आहे. २००३ मधला दरोडा, खून आणि बलात्कार, भटक्या जमातीतले सहा जण पकडले, २००६ ला नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी. मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्या म्हणून राज्याला सांगितलं. सोळा वर्षं. आणि २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या केसमध्ये २०१५ ला पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली होती, २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना सोडलं. सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला नजीर म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, सुटलेल्यांना परत आत टाकलेलं नाही. इथे दोन प्रश्न एकदम उभे राहतात, हे नव्हते तर कोण होतं आणि हे होते तर पुरावा असा कसा गोळा केला, आणि दोन्हींचं उत्तर पोलीस तपासाकडे जातं. फाशी मागणाऱ्या उमेदवाराने या केसचं उत्तर दिलंच पाहिजे.

फाशीविरोधी उमेदवारालाही सोडायचं नाही. त्याला विचारा की मग पर्याय काय. मरेपर्यंत जन्मठेप, माफी नाही, अशी शिक्षा कोर्टं देतात, शक्ती मिलच्या केसमध्ये २०२१ ला हायकोर्टाने तेच केलं, ती तुला चालते का? पीडितेच्या घरच्यांना काय? मनोधैर्य योजनेचे पैसे किती जणींना वेळेवर मिळतात? नुसतं "मानवी हक्क" म्हणून हात झटकणारा उमेदवार मला तरी आवडत नाही, माझ्या बाजूचा असला तरी.

वजन किती द्यायचं

२०२४ च्या लोकसभेला उत्तर मध्य मुंबईत हा प्रयोग जवळजवळ शुद्ध स्वरूपात झाला. भाजपचे उमेदवार उज्ज्वल निकम, ज्यांची सगळी ओळखच कसाबला फाशीपर्यंत नेणारे वकील अशी, समोर काँग्रेसच्या वर्षा गायकवाड. पण दोघांच्या पक्षांत फाशीवर फरक काय होता? कसाबला २०१२ मध्ये येरवड्यात आणि अफजल गुरूला २०१३ मध्ये फासावर दिलं ते काँग्रेसच्या सरकारने, याकूबला २०१५ मध्ये नागपुरात आणि निर्भयाच्या चौघांना २०२० मध्ये दिलं ते भाजपच्या. दोन्ही बाजू सारख्या असल्या की मुद्दा कटाप होतो, समीकरणात दोन्हीकडून एक्स जातो तसा. शिवाय वकिलाने कोर्टात फाशी मागणं ही त्याची ड्यूटी, खासदाराचं काम वेगळं. गायकवाड सोळा हजारांच्या आसपास मतांनी जिंकल्या, आणि त्या मतदारसंघात विमानतळाच्या फनेल झोनमधल्या (विमानांच्या वाटेखालचा, इमारतींच्या उंचीवर बंधन असलेला भाग) जुन्या बिल्डिंगींचं काय हा प्रश्न कसाबइतकाच जोरात चालू होता. निकम वर्षभराने राज्यसभेवर गेले तो भाग वेगळा. आणि हो, ती कसाबच्या बिर्याणीची गोष्ट, ती आपणच रचलेली होती असं त्यांनीच २०१५ मध्ये सांगून टाकलंय, तरी आजही कोणीतरी भाषणात बिर्याणी काढतोच.

तर माझा हिशोब असा. लोकसभा असेल, दोन मुख्य उमेदवारांत किंवा त्यांच्या पक्षांत खरा फरक असेल, आणि उमेदवाराची भूमिका आरोपी बघून बदलत नसेल, तर तुम्ही खुशाल यावर मत ठरवा, कोणी हसलं तरी. तीनपैकी एक गोष्ट नसेल तर फाशी हा मत ठरवायचा मुद्दा नाही, ती उमेदवार कसा आहे हे तपासायची एक खिडकी आहे. आणि व्यवहारात जवळजवळ नेहमी तिसरी नाहीतर दुसरी गोष्ट नसतेच.

तपासायचं कुठे तर निवडणूक आयोगाच्या साईटवर प्रत्येक उमेदवाराचं फॉर्म २६ चं शपथपत्र असतं, त्यात त्याच्यावरच्या केसेस कलमांसकट असतात, महिलांवरच्या गुन्ह्याचं कलम असेल आणि हा सभेत फाशी मागत असेल तर ते घरच्यांना वाचून दाखवा. गुन्हे असलेल्याला तिकीट का दिलं हे पक्षाने जाहीर करायचं असतं, २०२० पासून सुप्रीम कोर्टाचा तसा आदेश आहे, ती कारणं वाचून करमणूक होते. मायनेता नावाच्या साईटवर तेच सोपं करून ठेवलंय. सध्याचा खासदार असेल तर संसदेच्या साईटवर त्याने गृहखात्याला विचारलेले प्रश्न नावाने शोधता येतात, आमदाराचं विधिमंडळाच्या साईटवर, तिथे शोधणं म्हणजे जरा डोकेदुखी आहे पण मिळतं. फॉरेन्सिकच्या रिकाम्या जागा, पोक्सो कोर्टं, सरकारी वकिलांच्या नेमणुका यावर एक जरी प्रश्न विचारलेला सापडला तर तो माणूस मला शंभर फाशीच्या भाषणांपेक्षा जवळचा वाटतो, कारण बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण २०१८ ते २०२२ या काळात २७-२८ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे बहुतेक आरोपी फाशी सोडा, शिक्षेपर्यंतच पोचत नाहीत.

आता अमेरिकेतल्या मंडळींसाठी, कारण ग्रुपवर तेही असतात आणि तिथे नागरिकत्व घेतलेले बरेच जण आहेत. तुमच्याकडे हिशोब उलटा आहे. फाशी असलेल्या बहुतेक राज्यांत ती मागायची की नाही हे ठरवणारा सरकारी वकील म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीच तुमच्या मतावर निवडून येतो, म्हणजे जी निवडणूक सगळ्यात छोटी वाटते तिथेच या मुद्द्याला सगळ्यात जास्त वजन. गव्हर्नरचंही तसंच, कॅलिफोर्नियात २०१९ ला गव्हर्नर न्यूसम यांनी एका सहीने फाशी स्थगित केली, कायदा तसाच आहे, पुढचा गव्हर्नर ती उठवू शकतो. व्हर्जिनियात २०१९ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली आणि मार्च २०२१ ला फाशी रद्दच झाली. एडिसन, जर्सी सिटीवाल्यांनी राज्यापुरतं डोकं शिणवू नये, न्यू जर्सीने २००७ मध्येच रद्द केली आहे. टेक्सासवाल्यांनी मात्र बॅलट खालपर्यंत वाचावं, डीएचं नाव बऱ्यापैकी खाली असतं.